शनिवारची सकाळ

मार्गशीर्ष सरत आला की पादऱ्याच्या पश्चिमेस, महीच्या अंगाला, पहाटे एक पांढुरका पट्टा जमिनीलगत आडवा पसरलेला दिसतो. येथील लोक त्यास ‘धुम्मस’ म्हणतात. आपल्या ‘धुक्या’पेक्षा हा शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो, त्याच्या उच्चारातच धूम आहे. अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी ‘धुरके’ हा शब्द रूढ केला आहे, तोही बरा आहे. परंतु शब्द सापडला म्हणजे वस्तू उमगली असे होत नाही. ती आम्हांस गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याच्या आईने उमगवून दिली.

थंडीतली पहाटेची हवा म्हणजे आरोग्याची हवा, या श्रद्धेत आमची पिढी वाढली. बडोद्यास असताना आजोबा आम्हांस डिसेंबरातील काळोखात उठवीत, कानटोपी घालीत आणि कमाटीबागेत फिरावयास नेत. ‘नाकाने श्वास घे, छाती भरून घे,’ हा त्यांचा मंत्र. पुढे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यावर तोच मंत्र आम्ही मुलांना देऊ लागलो. गुजरातेत शनिवारी शाळा सकाळची असते. साडेसातच्या सुमारास प्रार्थना आणि लगोलग मैदानावर सामुदायिक कवायत, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता.

सातवीतला एक मुलगा, महीकाठच्या एका खेड्यातला, या कवायतीत वारंवार मागे राही. दोन फेऱ्या धावला की खोकत कडेला बसे. आम्ही त्यास कामचुकार ठरविले. एके शनिवारी सर्वांदेखत बोललो, पुढच्या शनिवारी पुन्हा बोललो. तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही. सोमवारी त्याची आई आली. बाई शेतमजुरी करणारी, पण बोलणे नेमके. ती म्हणाली, ‘साहेब, बाकीच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत हा खो-खो खेळतो ना? तेव्हा खोकतो का? मग आळस याला शनिवारीच कसा येतो?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलास दम्याचा विकार होता. श्वासाने ओढावयाचा पंप त्याच्या दप्तरात होता. पण मुले हसतील म्हणून त्याने तो कधी बाहेर काढला नव्हता, आणि आम्ही दोनदा बोलल्यानंतर तर ते शक्यच नव्हते.

उत्तर शोधावयास फार लांब जावे लागले नाही. शाळेच्या गच्चीवर सकाळी सातला उभे राहिले की ते दिसते. घराघरांतील चुलींचा, वीटभट्टीचा धूर थोडा वर चढतो, आणि मग कोणी वरून हात ठेवावा तसा थबकून आडवा पसरतो. एरवी जमिनीलगतची हवा उबदार असते व वर जावे तसा गारवा वाढतो. म्हणून धूर वर निघून जातो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री हे उलटते. जमीन झपाट्याने निवते, तिच्या अंगाची हवा थंड व जड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. वारा पडलेला असला म्हणजे रात्रभराचा सारा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो. उन्हाने जमीन तापू लागली, साधारण साडेनऊ-दहा वाजले, की झाकण सुटते. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत झाकण सुटलेच नाही, कोळशाच्या धुरात हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. आमचे झाकण रोज सुटते. पण आम्ही मुलांना धावावयास लावीत होतो ते नेमके ते सुटण्यापूर्वी.

पादऱ्याची जागाही या कामी विचार करण्यासारखी आहे. गाव बडोद्याच्या नैऋत्येस. पावसाळ्यात वारा खंबायतच्या आखातावरून येतो, धुऊन निघालेला. हिवाळ्यात तो बहुधा उत्तर-ईशान्येकडून वाहतो, म्हणजे शहर आणि कारखान्यांचा पट्टा ओलांडून. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला, त्याच्या आगेमागे खतांचा व पेट्रोरसायनांचा उद्योग आला. त्या पगारांवर बडोद्यातील कितीतरी मराठी संसार उभे राहिले, आमच्या नात्यातलेही. तेव्हा तिकडे बोट दाखविताना ते आपल्याकडेही वळते. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी १९८३ मध्ये सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा काढला गेला, तो पादरा तालुक्यातूनच समुद्राकडे जातो. हवेला असा कालवा काढता येत नाही. आता पादऱ्याचे स्वतःचेही कारखाने आहेत. शिवाय कापूस वेचून झाला की शेतकरी पऱ्हाट्या पेटवितात, तुराट्यांचेही तेच.

हवेच्या प्रतीचा राष्ट्रीय निर्देशांक २०१५ पासून प्रसिद्ध होतो. अतिसूक्ष्म कणांची मर्यादा एका घनमीटरात ६० मायक्रोग्रॅम आहे, ती चोवीस तासांच्या सरासरीची. सरासरी म्हणजे काय, हे मास्तरास सांगावयास नको. वर्गाची सरासरी पंचावन्न गुण आली म्हणून तीत नापास झालेला मुलगा पास होत नाही. दुपारची मोकळी हवा सकाळच्या कोंडलेल्या हवेस सरासरीत सांभाळून घेते. सकाळी धावणाऱ्या छातीस मात्र सरासरी मिळत नाही.

आम्ही वेळापत्रक फिरविले. थंडीचे महिने शनिवारी पहिले तास वर्गात वाचनाचे व पाढ्यांचे, आणि कवायत अगदी शेवटी, दहाच्या पुढे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली: ‘साहेब, वर्गात काय निराळी हवा आहे? खिडक्या तर उघड्याच.’ त्यांचे म्हणणे खरे होते. हवा तीच, परंतु बसलेले मूल जितकी हवा आत घेते त्याच्या कितीतरी पट धावणारे घेते, आणि तीही तोंडाने, नाकाच्या गाळणीविना. आजोबांच्या मंत्राचा पूर्वार्ध बरोबर होता, असे आम्ही मनाशी म्हटले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली आणि ती सांगण्यास संकोच वाटतो. वेळापत्रक बदलल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही लवकर जाऊन मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहिलो. सेवकाने नित्याप्रमाणे आवार झाडले, पाचोळ्याचा ढीग केला आणि काडी लावली. धूर गुडघाभर उंचीवरून, प्रार्थनेच्या रांगा जेथे उभ्या राहतात तेथवर सरपटत गेला. प्रार्थनेपूर्वी मैदान स्वच्छ हवे, ही आज्ञा आमचीच होती. सेवकाला विचारले, तर तो म्हणाला, ‘साहेब, तुम्हीच तर सांगितले होते.’ आता कुंपणालगत दोन खड्डे खणले आहेत, पाचोळा त्यांत जातो. गेल्या पावसाळ्यानंतर त्यातले खत आम्ही शाळेच्या वाफ्यांत घातले.

त्या मुलाची आम्ही त्याच्या वर्गासमोर क्षमा मागितली. तो लाजला, बाकीचे गोंधळले. यंदा तो आठवीत आहे. परवाच्या शनिवारी सव्वादहाला उन्हात त्याने तीन फेऱ्या मारल्या, चौथीला थांबला, खिशातून पंप काढला, दोनदा ओढला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. कोणी हसले नाही.