अभियंत्यांना व्यवस्थापनाची पदवी हवीच काय?

दरवर्षी नोव्हेंबरअखेर देशातील लक्षावधी तरुण भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेस बसतात आणि त्यांत अभियंत्यांचा भरणा फार मोठा असतो. चार वर्षे संगणकशास्त्र शिकावयाचे, दोन-तीन वर्षे हिंजवडीत नोकरी करावयाची आणि मग ते सारे बाजूस सारून पुन्हा वर्गात बसावयाचे, हा मध्यमवर्गीय घरांतील जणू सतरावा संस्कारच होऊन बसला आहे. अहमदाबादच्या संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क 20 लाख रुपयांहून अधिक आहे. एवढे कर्ज शिरावर घेण्यापूर्वी या पदवीची खरोखरच गरज आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला व गूगलचे सुंदर पिचई यांनी अभियांत्रिकीनंतर ही पदवी घेतली, हे खरे. परंतु एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू यांनी ती घेतली नाही. 1981 साली पुण्यात ज्या सात जणांनी 10,000 रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिसचा पाया घातला, त्यांचे अग्रणी नारायण मूर्ती हेही केवळ अभियंतेच. तेव्हा थोरामोठ्यांच्या उदाहरणांवरून या प्रश्नाचा निकाल लागणार नाही.

ताळेबंद वाचता येणे, खर्चाचा अंदाज बांधता येणे, ग्राहकाची गरज ओळखणे आणि हाताखालच्या माणसांस सांभाळून घेणे, या गोष्टी अभियंत्यास अवश्य याव्यात. त्या न आल्यामुळे उत्तम तंत्रज्ञही एका पायरीवर अडकून पडतो. परंतु ज्ञान आणि पदवी या दोन भिन्न वस्तू आहेत. ज्यास तंत्र सोडून अर्थव्यवहारात वा सल्लागारीत जावयाचे आहे, त्याने ही पदवी खुशाल घ्यावी. ज्याचे मन आपल्याच विद्येत रमते, त्याने केवळ बढतीसाठी ती घ्यावी, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

याला कारण आहे. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी दगा देतील, असे तो अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्याच रात्री बजावले होते. व्यवस्थापकांनी तो सल्ला डावलला. तंत्र जाणणाऱ्याच्या शब्दास संस्थेत वजन नसले, तर काय ओढवते याचा हा धडा आहे.

आमच्या मते दोष तरुणांचा नाही. तो त्यांच्यापुढे ठेवलेल्या शिडीचा आहे. माणसांवर हुकमत चालविल्यावाचून वेतन वाढत नसेल, तर कुशल अभियंता आपली विद्या टाकणारच. कंपन्यांनी निष्णात तंत्रज्ञास व्यवस्थापकाच्या बरोबरीचे वेतन व मान मिळेल असा दुसरा मार्ग खुला करावा. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हिशेब, अर्थशास्त्र व स्वच्छ लेखन हे विषय परीक्षेपुरते न शिकविता मनापासून शिकवावेत. हे घडले, तर अनेक घरांवरील कर्जाचा बोजा टळेल. तोवर पालकांस आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलास पदवी कोणती घेणार हे विचारण्याआधी, त्याला काम कोणते करावयाचे आहे हे विचारा.