ठाण्याची पायरी

फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो बहुधा 'हद्द कोणती?' हा. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरविली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीची सबबही काढून घेतली. तरीही फिर्यादी परत फिरतोच. असे का व्हावे?

आमच्या मते उत्तर ठाण्याच्या आतल्या खोलीत आहे. गुन्ह्यांचा आकडा वाढला की निरीक्षकाची झाडाझडती होते, घटला की पाठ थोपटली जाते. मग नोंदच न करणे हा गुन्हे कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो, आणि हवालदार तो साहेबांच्या चेहऱ्यावरून शिकतो. त्यासाठी परिपत्रक लागत नाही. जो शिपाई बारा-चौदा तास बंदोबस्ताला उभा राहतो, वरिष्ठांचे अरे-तुरे ऐकून घेतो, प्रसंगी त्यांच्या घरची भाजीही आणतो, त्याने फिर्यादीशी मात्र अदबीने बोलावे ही अपेक्षा थोर खरी! (तामिळनाडूने ही ऑर्डर्लीची प्रथा १९७९ मध्ये कागदोपत्री बंद केली; २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला त्याच प्रथेवरून सरकारचे कान उपटावे लागले.)

उलट उदाहरणही आहे. २०१६ मध्ये मुंबईचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी एका शिपायाने सुचविलेली आठ तासांच्या पाळीची योजना देवनार ठाण्यात राबवून पाहिली. शिपायाची सूचना आयुक्तांच्या टेबलापर्यंत पोहोचली, हीच आम्हांस त्यातील मोठी गोष्ट वाटते.

गोव्याची अडचण निराळी. आपले महासंचालक अरुणाचल, गोवा, मिझोराम व केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त श्रेणीतून येतात. गोव्याची ओळख होते न होते तोच ते दिल्लीची वाट धरतात. शिपाई मात्र इथेच निवृत्त होतो. साहजिकच त्याचे लक्ष साहेबांपेक्षा, बदलीच्या यादीवर ज्याचा शब्द चालतो त्या स्थानिक पुढाऱ्याकडे लागते. प्रकाशसिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंचालक, अधीक्षक व ठाणेप्रमुख यांना किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचे मंडळ नेमावे, असे बजावले ते याचसाठी. त्या निकालाला बगल देण्यास उघड विरोधाची गरज पडत नाही. 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द पुरतात.

गृहखात्याने येत्या अधिवेशनात एवढेच करावे: गेल्या पाच वर्षांत कोणता ठाणेप्रमुख किती महिने त्या खुर्चीवर होता, याची यादी सभागृहाच्या पटलावर ठेवावी.