लाईट गेल्यावर फ्रिज कोण बघतं?

ऑक्सिटोसिन नावाचं एक स्वस्त इंजेक्शन असतं. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात आईला 10 युनिट दिलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि रक्तस्राव बराचसा आटोक्यात राहतो. अट एकच, ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं. आता आमच्या मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यात पावसाळ्यात लाईटचा भरवसा काय असतो ते सांगायला नको. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. मग लाईट गेल्यावर तो फ्रिज बघायचा कोणी?

माझ्या मते हा प्रश्न डॉक्टरीचा नाहीच, हॉस्पिटल चालवणाऱ्याचा आहे. ताई पावसाळ्यात बाळंतपणाला माहेरी येतेय, त्यामुळे घरात सध्या 'डॉक्टर कोण चांगला' यावर रोज चर्चासत्र. मी आईला म्हटलं, तो चांगला डॉक्टर रजेवर असेल तेव्हा रात्री दोनला तिथे काय होतं ते विचार. आई म्हणे, तुझं कंप्युटर तुझ्यापाशी ठेव! असो.

आम्हा आयटीवाल्यांना वाटतं, चेकलिस्ट लावली की काम झालं. (रिलीजच्या रात्री आम्हीही टिकमार्क करत बसतोच.) अतुल गावंडे, म्हणजे ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे ते अमेरिकेतले सर्जन, त्यांच्या चमूने उत्तर प्रदेशात 120 सरकारी केंद्रांवर प्रसूतीची चेकलिस्ट वापरून पाहिली. दीड लाखांहून जास्त बाळंतपणं. निकाल डिसेंबर 2017 मध्ये आले. कोच येत होते तेव्हा आवश्यक गोष्टींपैकी 73 टक्के होत होत्या, चेकलिस्ट नव्हती तिथे 42. कोचच्या भेटी थांबल्यावर काही महिन्यांनी 73 चे 62 झाले. आणि मृत्यूंमध्ये फरक? जवळपास नाहीच.

मी यातून एवढंच घेतो, की कागद रक्ताची पिशवी आणत नाही. ती आणायला अधिकार असलेला माणूस लागतो. केंद्र सरकारची 'लक्ष्य' योजनाही डिसेंबर 2017 चीच, लेबर रूमला गुण देणारी. चांगली आहे, पण तपासणीच्या आठवड्यापुरता रंग मारायची आपली जुनी सवय मोडायला वरिष्ठच हवेत.

2018-20 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते, देशात 97, केरळात 19. म्हणजे आपण बरे आहोत, पण या सरासरीत मुंबई आणि मुरुड एकाच पातेल्यात शिजतात.

मातामृत्यूच्या चौकशीत दोषी शोधू नका, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात. आमच्याकडेही सर्व्हर पडला की बग कोणाचा हे विचारत नाहीत, तो प्रॉडक्शनपर्यंत पोचला कसा हे विचारतात. हॉस्पिटलात मात्र पहिला मेमो सिस्टरला गेला, तर पुढच्या वेळी रजिस्टर एकदम सुवाच्य अक्षरात, नंतर भरलेलं मिळेल. हे अधीक्षकांच्या वागण्यावर ठरतं. आणि अधीक्षक सारखे बदलत असतील तर वागणूक रुजणार कधी?

मुरुड ते अलिबाग 50 किलोमीटरच्या आसपास, रस्ता वळणांचा. 108 निघायच्या आधी पलीकडे फोन जातो का, रक्तगट कळवला जातो का, हे रोज कोण बघतं? त्या माणसाचं नाव मला लेबर रूमबाहेरच्या बोर्डावर लिहिलेलं हवंय, फ्रिजच्या नावासकट.