बाप्तिस्म्याचे पाणी आणि आपला भाबडेपणा

बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर शिंपडलेले चार थेंब पाणी. दूधगंगेत एक बुडी मारली की संपले, असे कागल परिसरातील जाणती माणसेही सहज म्हणून जातात. हा भाबडेपणा महागात पडणारा आहे.

आपले स्नान पुनःपुन्हा करावयाचे असते. आज दूधगंगेत, उद्या नृसिंहवाडीच्या संगमावर. त्याने ना कुळ बदलते, ना देव. बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने त्याचा अर्थ उघड सांगितला आहे: पाण्यात उतरणारा ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरला जातो आणि नव्या जीवनासाठी उठतो. कॅथलिक मतानुसार तर तो ठसा आत्म्यावरून कधीच पुसला जात नाही. देणाऱ्याच्या लेखी जुना मनुष्य संपला!

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो हे सारे जाणून. त्यांच्याशी वाद घालता येईल, त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेता येणार नाही. मात्र लक्ष्मीबाईंचा संसार त्याने दुभंगला. पुढे 1917 मध्ये याच टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले. हे मिशनच्या प्रचारकांनी जरूर आठवावे.

कायदाही या पाण्याला क्षुल्लक मानत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. पुदुच्चेरीतील एका महिलेचा तसा दावा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये फेटाळताना तिचा बाप्तिस्माही विचारात घेतला. आजारपणात प्रार्थनेला बोलावून पुढे पाण्यापर्यंत नेणारे हे आधी सांगतात काय? सांगत नसतील, तर ती त्यांच्याच शास्त्राशी प्रतारणा होय.

आणि आपण? 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलास न्यायालयाने मिशनऱ्यांकडून काढून पित्याच्या हवाली केले. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्यास निघाले, तर मुंबईची सनातनी मंडळी त्यांच्यावरच तुटून पडली! न्यायालयाने परत दिलेला मुलगा आपल्याच पंक्तीला नकोसा झाला. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी शुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या आर्य समाजाच्या हाती राजाराम कॉलेज सोपवले, ते उगीच नव्हे. आज कोणी परतला, तर त्याच्यासाठी आपल्यापैकी कोणाच्या घरी पाट मांडला जाईल, आणि त्याच्या मुलीला कोण सून करून घेईल?