दार वाजवायला आपण जाऊ

मे महिन्यात पुसदच्या उन्हात एखादी बाई मनगटापर्यंत बाह्या ओढून बसते. बाही जरा वर सरकली की हातावर बोटांचे निळे वळ. विचारलं तर म्हणते, "मोरीत पाय घसरला." घसरून बोटं उमटत नाहीत, हे तिलाही ठाऊक, आपल्यालाही. तरी आपण गप्प बसतो. घरचा मामला!

पूर्वी सगळं आलबेल होतं असं नाही. पण गल्लीतली एखादी आजी, तांड्यावरची एखादी जाणती बाई हक्कानं आत शिरायची, मारणाऱ्याचा हात धरायची. आता आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. तो हक्क आपल्या हातून सुटत चाललाय.

आणि ती स्वतःहून बोलेल, ही आशा फार धरू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर 100 बायकांपैकी जेमतेम 14 जणींनी मदत मागितली होती.

एक खूण मात्र कधीच सोडू नका : गळा दाबल्याची. बाहेरून वळ दिसेलच असं नाही. पण आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळे लाल होतात. तेव्हा ती बरी दिसली तरी आतली सूज नंतर जिवावर बेतू शकते. तिला तडक उपजिल्हा रुग्णालयात न्या. कशानं लागलं, हे डॉक्टरांना खरं सांगायला धीर द्या. ती नोंद पुढे कोर्टात कामी येते.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर बालंट येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा तिला हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. आपल्या सुधाकरराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या कारकिर्दीतच, 1993 साली, राज्य महिला आयोग उभा राहिला. तिथंही दाद मागता येते.

बाकीचं आपण करू. तिला नवऱ्यासमोर विचारू नका. बचत गटातून परतताना, एकटी असताना विचारा. "तुझं काय चुकलं?" नको, "मी काय करू?" म्हणा. लगेच घर सोड, असा रेटाही नको. निघतानाच धोका वाढतो. तिची आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक, दोन कपडे आपल्या कपाटात राहू द्या. महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर तिला पाठ करून द्या.

आणि भावांनो, टपरीवर कुणी बायकोला "सरळ केली" म्हणून फुशारकी मारली, तर हसू नका, तिथंच अडवा.

आज रात्री भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू आलं, तर आधी 112 लावा. मग चारजण मिळून जा आणि दार वाजवा.