चार जागांचा पक्ष आणि दोन जागांचे बेट

सेंट किट्स-नेव्हिस हे कॅरिबियन समुद्रातील दोन बेटांचे चिमुकले राष्ट्र. क्षेत्रफळ अवघे २६१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान असलेल्या या देशाच्या निवडणुकांची दखल येथे का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. ती घ्यावी एवढ्यासाठी, की आघाडी सरकारांविषयी आपल्या चळवळीत रूढ झालेली एक सोयीस्कर समजूत तेथे पार उघडी पडते.

समजूत अशी : कष्टकऱ्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला असताना इतरांनी मोट बांधून सत्ता घेतली, तर ती जनमताची चोरीच होय. १८ फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीनंतर तेथील लेबर पक्षाने नेमका हाच टाहो फोडला. एकूण जागा नऊ. लेबरला चार, केनेडी सिमंड्स यांच्या पीपल्स अ‍ॅक्शन मूव्हमेंटला तीन आणि सिमियन डॅनियल यांच्या नेव्हिस रिफॉर्मेशन पार्टीला दोन. तीन आणि दोन मिळून पाच झाले, आणि जवळजवळ तीन दशके सत्तेवर असलेला पक्ष विरोधी बाकांवर जाऊन बसला.

हा पक्ष ऐऱ्यागैऱ्यांचा नव्हता. उसाच्या मळ्यांत आणि साखर कारखान्यात राबणाऱ्या मजुरांच्या संघटनेतून तो जन्मला. १९४८ चा तेरा आठवड्यांचा संप, रॉबर्ट ब्रॅडशॉ यांच्यासारखा कारखान्यातून वर आलेला नेता, सत्तरच्या दशकात मळ्यांच्या जमिनींचे राष्ट्रीयीकरण, अशी त्याची कमाई होती. १९७८ मध्ये ब्रॅडशॉ आणि १९७९ मध्ये पॉल साउथवेल निवर्तले, पक्ष पोरका झाला, हे खरेच. परंतु पराभवाचे कारण तेवढेच मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

कारण त्या दोन जागा आल्या कोठून, हा खरा प्रश्न आहे. त्या नेव्हिसच्या होत्या. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये प्रशासनाच्या सोयीसाठी हे बेट सेंट किट्सला जोडले. तेथील मळ्यांची व्यवस्था आधीच मोडकळीस आली होती, आणि तुकड्या-तुकड्यांच्या जमिनी कसणारा लहान शेतकरी हाच तेथला कष्टकरी झाला होता. ऊसमजुराच्या पक्षाला हा माणूस कधी आपला वाटला नाही. अँग्विला या तिसऱ्या बेटाने १९६७ मध्ये सेंट किट्सच्या पोलिसांना हाकलून लावले, तरी राज्यकर्त्यांचे डोळे उघडले नाहीत. १ ऑगस्ट १९७० रोजी 'क्रिस्टेना' ही सरकारी बोट दोन बेटांच्या मध्ये बुडाली. १५५ उतारूंची परवानगी असलेल्या त्या बोटीवर तीनशेहून अधिक माणसे कोंबली होती. २३३ जणांचा बळी गेला, त्यांत बहुसंख्य नेव्हिसचे. त्याच वर्षी नेव्हिस रिफॉर्मेशन पार्टी स्थापन झाली, आणि १९७५ मध्ये अलग होण्याच्या मागणीवर तिने बेटाच्या दोन्ही जागा जिंकल्या. लेबर पक्षाला पुढे पाच वर्षांचा अवधी होता. तो त्याने दवडला. मग १९८० मध्ये चोरी झाली म्हणायची ती कोणाची? जे आपण कधी मिळवलेच नव्हते, ते चोरीला जात नाही.

त्या आघाडीचे गोडवे गाण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तिने वैयक्तिक प्राप्तिकर रद्द केला. म्हणजे करांचा भार श्रीमंताच्या मिळकतीवरून सर्वांच्या खरेदीवर ढकलला. १९८४ मध्ये तिने पैसे गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकत्व देण्याची प्रथा पाडली. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून उघडी बाजारपेठ दाखवता येणार नाही. परंतु त्याच आघाडीने १९८३ च्या स्वातंत्र्याबरोबर नेव्हिसला स्वतःची विधानसभा दिली आणि दोन-तृतीयांश मतांनी अलग होण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला. जे समाजवाद्यांनी न्याय म्हणून द्यायचे, ते उजव्यांनी सौदा म्हणून दिले. १९८४ च्या निवडणुकीत लेबरच्या पदरी दोन जागा उरल्या, यात नवल ते काय?

१९९३ ची गोष्ट मात्र निराळी. तेव्हा अकरा जागांपैकी सिमंड्स आणि लेबर यांना प्रत्येकी चार मिळाल्या, मते लेबरला अधिक होती, आणि केवळ पाच जागांवर सिमंड्स यांनी अल्पमताचे सरकार बसवले. लोक रस्त्यावर आले, आणीबाणी पुकारली गेली. तो संताप रास्त होता, आणि १९९५ मध्ये मतदारांनीच त्याचा निकाल लावला : लेबरला सात जागा. पण वीस वर्षांच्या त्या राजवटीने काय बदलले? नागरिकत्वाची विक्री चालूच राहिली, आणि तीन शतकांहून जुना साखर उद्योग २००५ मध्ये बंद झाला तो मजुरांच्या पक्षाच्याच हातून. नेव्हिसने तर १९९८ च्या सार्वमतात जवळजवळ ६२ टक्के मते अलग होण्याच्या बाजूने टाकली. थोडक्यात बचावले ते ऐक्य घटनेतील अटीमुळे; पक्षावरील विश्वासामुळे नव्हे.

२०१५ मध्ये पुन्हा तीन पक्षांची आघाडी आली. पंतप्रधान टिमथी हॅरिस यांच्या स्वतःच्या पक्षाची जागा एकच होती! डग्लस यांना हटवणे हा तिचा प्राण. ते साधल्यावर उरली ती वाटणी. २०२२ मध्ये भागीदारच अविश्वासाचा ठराव घेऊन उठले आणि सभागृह विसर्जित झाले. कोणाला तरी घालवण्यासाठी जुळलेल्या मोटेचे भवितव्य काय असते, हे १९७७ ते १९७९ चा अनुभव गाठीशी असलेल्या आपल्याला तरी कोणी सांगायला नको.

ऑगस्ट २०२२ मध्ये लेबर पक्ष अकरापैकी सहा जागा मिळवून परतला. कार्यकर्त्यांनी गुलाल उधळण्यापूर्वी एवढे पाहावे : त्या सहाही जागा सेंट किट्सच्या आहेत. नेव्हिसच्या तिन्ही जागा तेथील स्थानिक पक्षाकडे गेल्या. १९८० नंतर बेचाळीस वर्षे लोटली, तरी मधली सामुद्रधुनी या पक्षाला ओलांडता आलेली नाही.

आघाड्या आपल्याविरुद्ध होतात, अशी तक्रार करण्यापूर्वी आपण कोणाला दूर लोटले, याचा हिशेब प्रत्येक समाजवादी पक्षाने मांडला पाहिजे. मजुराच्या नावाने लहान शेतकऱ्याकडे आणि बहुमताच्या नावाने लहान प्रदेशाकडे पाठ फिरवणारा पक्ष आपल्या विरोधकांची आघाडी स्वतःच्याच हातांनी बांधत असतो. तिला पंतप्रधान तेवढा नंतर मिळतो.