कुड्याची साल आणि केदारेश्वराचं पाणी

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पोट बिघडलं की कुड्याची साल, खोकल्याला हिरडा, गुडघा सुजला की निरगुडीच्या पाल्याचा शेक. महादेव कोळी आणि ठाकर घरांत यासाठी वैदू गाठावा लागतोच असं नाही. बऱ्याचदा आजीलाच ठाऊक असतं.

पाण्यावरही तितकीच श्रद्धा. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तरी भाविक कमरेएवढ्या बर्फगार पाण्यातून प्रदक्षिणा घालतात. (पावसाळ्यात ते धाडस नकोच.)

आयर्लंडमध्ये अशाच पवित्र विहिरी आहेत. काहींचं पाणी डोळ्यांना लावतात. मात्र तिथे १९३७ ते १९३९ या काळात एक शहाणपणाचं काम झालं. सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून झाडपाल्याचे उपाय आणि विहिरींच्या कथा वह्यांत उतरवल्या. ती हस्तलिखितं आज अभ्यासकांना खुली आहेत.

अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळांनी हे का करू नये? वनस्पतीचं स्थानिक नाव, कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती, कोणी सांगितलं, एवढं पुरे. उपाय खरा की खोटा, ते तज्ज्ञ नंतर तपासतील. सर्पदंशाच्या पानावर मात्र मुलांनी आधीच लाल शाईने लिहावं: पाला नको, थेट दवाखाना.